भास्कररावांनी न दिलेला बॉल

श्री. भास्करराव निगडे यांची आणि माझी पहिली भेट एका सायकल स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी झाली. पंजाब आणि हरयाणा वेगळे होऊन चंडीगड केंद्राकडे आलं, त्या हिवाळ्यात मी यवतमाळहून तिथे केंद्र सरकारच्या एका खात्यात रुजू झालो. नोकरी कारकुनाची, पण मिळाली होती ती खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर. वय एकवीस, अंगात चुलत्यांचा कोट, आणि व्हॉलीबॉल सोडून दुसरं काही धड येत नाही अशी अवस्था. रुजू झालो त्याच संध्याकाळी मैदानावर गेलो, तर पस्तिशी ओलांडलेले, मध्यम उंचीचे एक गृहस्थ हातात खडू घेऊन उभे. रामराम नाही, नाव-गाव नाही. म्हणाले, "भिंतीला खांदा लाव. उजवा हात वर. आता मार उडी."

माझी बोटं जिथे पोचली तिथे त्यांनी रेघ मारली आणि पुढे माझं नाव लिहिलं, विजय. शेजारी आणखी चार रेघा होत्या, चार पंजाबी नावांच्या. मग त्यांनी खडू खिशात टाकला आणि विचारलं, "यवतमाळचा ना तू? रजिस्टरात बघितलं मी."

"हो जी."

"जी लगेच शिकलास की!"

"नाही जी, आमच्याकडं पहिल्यापासूनच म्हणतात."

ते मोठ्याने हसले. भास्कररावांना मी एवढ्या मोठ्याने हसताना पुढच्या पंचवीस वर्षांत पाच-सहा वेळाच पाहिलं असेल.

ज्यांनी हा खेळ रस्त्यावरून जाता जाता पाहिला असेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. व्हॉलीबॉलमध्ये पलीकडून आलेला बॉल तीन स्पर्शांत परत धाडायचा असतो. पहिला स्पर्श तो उचलणाऱ्याचा. तिसरा स्पर्श उडी मारून तो पलीकडे ठोकणाऱ्याचा, म्हणजे स्मॅशरचा. टाळ्या त्याला, वर्तमानपत्रात फोटो त्याचा. मधला स्पर्श लिफ्टरचा. दहा बोटांनी बॉल अलगद वर उचलून तो नेमक्या जागी, नेमक्या उंचीवर ठेवायचा, आणि कुणासाठी ठेवायचा हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. संघ जिंकला की लिफ्टर कुणाला आठवत नाही. हरला की सगळ्यांना तोच आठवतो. भास्करराव आमच्या खात्याच्या संघाचे लिफ्टर होते. ती भिंत हे त्यांचं कामाचं दप्तर होतं. दर महिन्याला ते प्रत्येक स्मॅशरला तिथे उभं करत, कुणाची उडी वाढली, कुणाची घटली ते बघत, आणि त्या मापाने त्याचा बॉल वर-खाली करत. प्रत्येकाला वाटायचं आज आपण काय झकास मारलं. झकास मारता येईल असा बॉल कुणीतरी ठेवला होता, हे स्मॅशरच्या डोक्यात कधी येतच नाही. माझ्याही आलं नाही.

कराडकडच्या या माणसाने मला आठवड्याभरात आपल्या घरी नेलं. बावीस सेक्टरमधलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणजे बोलण्यात पटाईत आणि हाताने त्याहून. ज्वारीची भाकरी खाऊन मला आठ-दहा दिवस झाले होते, ते त्यांनी न सांगता ओळखलं. चंडीगडात ज्वारी म्हणजे गुरांचा चारा. चंडीगडला लागूनच असलेल्या मनीमाजऱ्याच्या बाजारात एक दुकानदार तिचं बी ठेवायचा. वहिनींनी पाच किलो मागितली तेव्हा त्याने अदबीने विचारलं होतं, "बहनजी, भैंसें कितनी हैं आपकी?" वहिनी ही गोष्ट सांगायच्या आणि माझ्या ताटात भाकरी टाकत म्हणायच्या, "खा रे, आमची यवतमाळची म्हैस तू!" वडील नसलेल्या, आई आणि लहान बहीण गावी ठेवून आलेल्या माणसाला अशा घराचं काय मोल असतं, हे ज्याला लागतं त्यालाच कळतं. पुढे त्या मला भाऊजी म्हणू लागल्या, आणि मी त्या नात्याला लायक राहिलो नाही. ते पुढे येईलच.

भास्कररावांवर त्या काळापासून तीन आरोप होत आले आहेत, आणि खात्याच्या जुन्या मंडळींत ते अजून चघळले जातात. म्हणून भास्कररावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्या आरोपांचा समाचार घेणं मी माझं काम समजतो.

पहिला आरोप, ते थंड होते. 'ठंडा लिफ्टर' हे नावच पडलं होतं. ओरडत नसत, हात उंचावत नसत, पॉइंट मिळाला तरी चेहरा तसाच. मैदानाच्या कडेला उन्हात बसून शेंगा सोलणाऱ्या पंडितांना याचा फार राग. अहो, लिफ्टर चेहऱ्यावर काही दाखवू लागला तर पलीकडचे सहा जण ते वाचणार नाहीत का? मी भास्कररावांना एकदा विचारलं, "तुम्हाला कधी राग येत नाही का जी?" तर म्हणाले, "येतो की. पण तो बघणार कोण? पलीकडचेच ना?"

दुसरा आरोप, ते आपल्या मर्जीतल्यांनाच बॉल देत. यावर मला खरोखर हसू येतं. आमचे कप्तान गुरमेलसिंग, लुधियान्याकडचे, सहा फुटी, डावखुरे. एका वर्षी सरावाच्या वेळेवरून त्यांचं आणि भास्कररावांचं असं वाजलं की तीन आठवडे दोघांत बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत. त्या तीन आठवड्यांत आम्ही चार सामने खेळलो, आणि चारही सामन्यांत सर्वांत जास्त बॉल गुरमेलसिंगांना मिळाले. मी घरी जाताना म्हटलं, "त्यांच्याशी तर तुम्ही बोलत नाही." भास्करराव म्हणाले, "बोलत नाही. म्हणून काय त्याच्या हाताला उपाशी ठेवू?"

तिसरा आरोप मोठा. त्या एका फायनलमध्ये त्यांनी मला बॉल दिला नाही, आणि त्यामुळे संघ हरला. या अंकाच्या संपादकांनी मला प्रेमाने सुचवलं होतं की तेवढा सामना वगळा, साठीच्या मंगल प्रसंगी तो कशाला. त्यांचा हेतू चांगला आहे. पण तो सामना वगळून भास्कररावांविषयी लिहायचं म्हणजे मी आजवर केलं तेच पुन्हा करायचं. ते आता होणे नाही.

चंडीगडला मला वर्ष होत आलं होतं. खात्यांच्या आंतरप्रांतीय स्पर्धा आमच्याकडे भरणार होत्या. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, आणि क्रीडा सचिवांनी मला बोलावून सरळ सांगितलं होतं, "बेटा, इस टूर्नामेंट के बाद तेरी फ़ाइल जाएगी." खेळलो तर पक्का, नाही खेळलो तर यवतमाळ. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी सरावात मी तिरका पडलो आणि उजव्या खांद्यात काहीतरी कळ देऊन गेलं. मी कुणाला बोललो नाही. दोन दिवसांनी महिन्याचं माप घ्यायची वेळ आली. भास्कररावांनी मला भिंतीपाशी उभं केलं. मी दात आवळून उडी मारली. माझी बोटं माझ्याच रेघेच्या चार बोटं खाली राहिली.

भास्करराव त्या भिंतीकडे बघत राहिले. आजूबाजूला गुरमेलसिंग आणि इतर मंडळी होती, पण मराठी आम्हा दोघांनाच यायची. त्यांनी आवाज जरासुद्धा न बदलता विचारलं, "खांदा कधीपासून?"

"परवापासून जी."

"कुणाला बोललास?"

"नाही. काहून बोलू? घरी पाठवतील."

त्यांनी रेघ पुसली नाही, नवी काढली नाही. दुसऱ्या दिवशी सायकलवर मागे बसवून मला मनीमाजऱ्याला नेलं. तिथल्या गल्लीत एक म्हातारे पहिलवान हाडं बसवत. त्यांनी मोहरीच्या तेलाचा हात लावून खांदा चाचपला आणि म्हणाले, "दो महीने. उससे पहले ज़ोर से मारा, तो बांह गई समझ." परत येऊन क्वार्टरशी उतरल्यावर भास्करराव सायकल भिंतीला लावत म्हणाले, "तू खेळणार. उडी मारायची, हात फिरवायचा, डोळे वटारायचे, सगळं करायचं. फक्त बॉल मी तुला देणार नाही."

मला वाटलं चेष्टा करतात. पण त्यांनी ते करून दाखवलं. स्पर्धेत मी दर वेळी सगळा जीव काढून उडी मारायचो, पलीकडचे दोन उंच गडी मला अडवायला माझ्यासमोर उडायचे, आणि भास्करराव मान न वळवता बॉल मागच्या मागे गुरमेलसिंगांकडे सोडायचे. समोर मोकळं रान. गुरमेलसिंगांनी त्या चार दिवसांत जसा खेळ केला तसा ना आधी केला ना नंतर. आमच्याच संघातल्या कुणाला संशय आला नाही. लोक म्हणायचे, विज्जू आज फार मारत नाही, पण त्याची दहशत बघा.

फायनल जालंधरच्या एका तगड्या संघाशी. डिसेंबरचं ऊन, मैदानाभोवती चारी बाजूंनी माणसं. वहिनी पंजाबी शेजारणींच्या घोळक्यात, हातात विणकाम घेऊन बसलेल्या. चौथ्या गेमपर्यंत पलीकडच्यांच्या ध्यानात आलं की या मराठ्याला बॉल येतच नाही. पाचव्या गेममध्ये त्यांनी माझ्यासमोर उडायचं सोडून दिलं आणि दोघं तिघं गुरमेलसिंगांना जाऊन चिकटले. आता मी एकटा, नेटवर मोकळा, ढळढळीत उन्हात सगळ्यांना दिसणारा. प्रेक्षक ओरडू लागले, "विज्जू नूं दे! ओए, विज्जू नूं दे!" त्यांचे चौदा, आमचे तेरा, आणि सर्व्हिस त्यांची.

बॉल आला, मागच्याने उचलला, भास्कररावांकडे गेला. आणि मी हात वर करून ओरडलो, "द्या! मला द्या!"

वाचकहो, मला बॉल नको होता. तो माझ्याकडे येणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि आला असता तर मला तो मारता आला नसता हेही ठाऊक होतं. मला फक्त बॉल मागताना दिसायचं होतं. एवढा सगळा गाव माझ्या नावाने ओरडत असताना मी गप्प कसा राहू, एवढाच त्या क्षणाचा विचार. भास्कररावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढ्याशा वेळात माणूस काय पाहू शकतो कोण जाणे, पण ती नजर रागाची नव्हती. बॉल त्यांनी गुरमेलसिंगांना दिला. तिघांच्या हातांवर आपटून तो आमच्याच मैदानात पडला, आणि सामना संपला.

आता आमच्या संघाची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं त्यातच अडकलं. गुरमेलसिंगांनी पाडलेली ती रीत. जिंको की हरो, सामना संपला की सगळ्यांनी मैदानावरच गोल करून बसायचं, आणि प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची. याला 'पंचायत' म्हणत. नियम असा की फक्त स्वतःची चूक, एका वाक्यात. कारण सांगायचं नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि एकदा बोललं की त्यावर कुणी पुन्हा तोंड उघडायचं नाही. याने भांडणं टळत, हे खरंच. पण या रीतीत एक भोक होतं. खोटी कबुली दिली तर ती खोडून काढायला कुणाला जागाच नव्हती.

त्या दिवशी पंचायतीला क्रीडा सचिवही येऊन उभे राहिले. भास्कररावांची पाळी आली. ते शांतपणे म्हणाले, "आख़िरी बॉल विजय का था. मैंने नहीं दिया. ग़लती मेरी."

त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. पुढची पाळी माझी. तोंड उघडलं, आणि म्हणालो, "दूसरी गेम में मेरी दो सर्विस बाहर गई."

एवढंच. चोवीस वर्षं झाली, हे वाक्य मी रोज नाही तरी दिवसाआड ऐकतो.

तीन महिन्यांनी माझी नोकरी पक्की झाली. भास्कररावांना संघातून वगळलं. संघाचा प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव जवळजवळ ठरलं होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. स्वतःच्या तोंडाने कबूल केलेल्या माणसाची बाजू कोण घेणार? खात्यात, बाजारात, क्वार्टर्सच्या गच्चीवर, जिथे तिथे एकच बोलणं, मराठ्याने मराठ्याला बॉल दिला नाही, जळला असेल. मी अशा घोळक्यांतून खाली मान घालून जायचो, आणि लोकांना वाटायचं बिचाऱ्याला अजून वाईट वाटतंय.

आणि हे सगळं चालू असताना भास्करराव काय करत होते? दर सकाळी ऑफिसच्या आधी तळ्याच्या बाजूला मला बोलावून माझा खांदा परत आणत होते. पहिले तीन आठवडे नुसता हात हलवायचा. मग मऊ बॉल. मग खरा. एका सकाळी साठ-सत्तर वेळा ते बॉल उचलायचे, आणि दर वेळी तो माझ्या हाताला जेवढा झेपेल तेवढ्याच उंचीवर यायचा, एक बोट वर नाही की खाली नाही. थंडीने त्यांची बोटं फुटलेली असायची. मार्चमध्ये मी पुन्हा पहिल्यासारखा मारू लागलो. पुढची आठ वर्षं मी त्या संघात खेळलो, कप्तान झालो, खेळाच्या जोरावर बढती घेतली. आज माझ्या घराच्या भिंतीवर जेवढे फोटो आहेत, त्या एकाही फोटोत भास्करराव नाहीत.

मी त्यांना म्हणालो नाही असं नाही. एकदा तळ्यावरून परतताना म्हटलं, "मी जाऊन सांगतो गुरमेलसिंगांना." ते सायकलवर बसत म्हणाले, "आधी पक्का हो. मग बघू." पक्का झाल्यावर म्हणाले, "आता सांगितलंस तर म्हणतील फसवून पक्का झाला. बहिणीचं लग्न होऊ दे." बहिणीचं लग्न झालं. मग त्यांनी काही म्हणायचं सोडलं आणि मीही विचारायचं सोडलं. त्यांनी मला अडवलं असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला अडवलेलं हवं होतं.

मैदानाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. चंडीगडचे रस्ते सरळ, क्वार्टरपासून ऑफिसचा रस्ता मैदानाला लागूनच. भास्करराव आख्ख्या सेक्टरला वळसा घालून ऑफिसला जाऊ लागले. हे मला वहिनींनी सांगितलं. एका गणपतीत आरतीनंतर प्रसादाची वाटी माझ्या हातात देताना त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी खरं सांगा. यांनी तुम्हाला बॉल का दिला नाही? मी विचारलं तर नुसतं बघतात माझ्याकडं. बायका मला तोंडावर बोलतात हो."

मी म्हणालो, "खेळात होतं वहिनी असं कधीकधी."

त्या मान हलवून आत गेल्या. त्यानंतर त्यांनी विणकाम घेऊन उन्हात त्या बायकांत बसणं सोडलं, हे तोवर लग्न होऊन आलेल्या माझ्या बायकोच्या लक्षात आलं. माझ्या लक्षात ते तिच्याही आधी आलं होतं.

ऐंशी साल उलटल्यावर वहिनी आजारी पडल्या. आतड्याचं दुखणं होतं, आणि ते फार उशिरा कळलं. मी एका दुपारी हॉस्पिटलात त्यांना भेटायला गेलो. भास्करराव औषधं आणायला खाली गेले होते. वहिनी खूप वाळल्या होत्या, पण बोलणं तसंच. माझ्या आईची चौकशी केली, मुलगी मराठी बोलते की नाही विचारलं. मी म्हटलं, समजतं तिला, उत्तर हिंदीत देते. त्या हसल्या. मग छताकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या मॅचचं तुम्ही मनातनं काढून टाका. बरोबर केलं नाही यांनी, मला पण लई दिवस राग होता. पण चुकतं की माणूस. जन्मभर सगळ्यांचं बघितलं त्यांनी, एकदा चुकले. मी माफ केलंय त्यांना. तुम्ही पण करा."

मी त्यांच्या पलंगाशी उभा होतो. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. नोकरी पक्की होती, बहीण सासरी होती, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "हो वहिनी."

नवव्या दिवशी त्या गेल्या.

यानंतर वर्षभराने मी भास्कररावांना हे सगळं सांगितलं. त्यांच्याच घरी, रविवारी सकाळी. वहिनींच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे सांगितले, माझं 'हो वहिनी'ही सांगितलं. मला वाटलं आज हा माणूस मला घराबाहेर काढील. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "माफ केलं म्हणाली? मला कधी बोलली नाही ती." डोळे पुसून पुन्हा म्हणाले, "बरं झालं. तिच्या मनात काही राहिलं नाही म्हणजे."

मी म्हटलं, "भास्करराव, मी आता सगळ्यांना सांगतो." ते म्हणाले, "आता कुणाला सांगणार आहेस?"

जिला सांगायला हवं होतं ती ऐकायला नाही. तरी मी सांगतो आहे. गुरमेलसिंगांना मी गेल्या वर्षी लुधियान्याजवळच्या त्यांच्या गावी जाऊन सांगितलं. कुणी म्हणेल, एका पोराच्या नोकरीपायी भास्कररावांनी संघाचा घात केला. तो राग करायचा हक्क फक्त गुरमेलसिंगांचा होता, म्हणून आधी त्यांच्याकडे गेलो. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं, पगडी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "ओए, ओस दिन दस दिंदा. मैं तैनूं मार थोड़ी देणा सी." त्याच दिवशी सांगायचं होतंस, मी काय तुला मारून टाकलं असतं, असा त्याचा अर्थ. मग थोड्या वेळाने, "ओस टूर्नामेंट विच मैं नहीं खेडेया. भास्कर ने मैनूं खिडाया." त्या स्पर्धेत मी खेळलोच नाही, भास्करने मला खेळवलं, असं ते म्हणत होते. भास्कररावांच्या खेळाचं याहून मोठं मूल्यमापन कुठल्या पंडिताला करता आलं नाही.

भास्करराव आता नोकरीतून निवृत्त होऊन कराडला मुलाकडे असतात. लेख लिहितो आहे असं मी कळवलं, तर उलट टपाली त्यांचं कार्ड आलं, "साठीचा अंक आहे. तू स्वतःचं वाईट कशाला लिहितोस? माझ्याविषयी काही नसेल लिहायला तर सुमतीच्या भाकरीविषयी लिही." मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांचं न ऐकण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि ती फार उशिरा आली.

खात्याच्या जुन्या मंडळींना हात जोडून विनंती, की यापुढे त्या सामन्याचा विषय निघाला तर नाव माझं घ्यावं. भास्करराव निगडे यांच्याएवढा मोठा लिफ्टर मी पाहिला नाही. ते थंड नव्हते, भित्रे नव्हते, जळणारे तर नव्हतेच. ज्याचा हात उचलत नव्हता त्याच्या हाताला त्यांनी बॉल दिला नाही, एवढंच त्यांनी केलं.

भास्कररावांना ईश्वराने उदंड आयुष्य द्यावं. त्यांच्या गुडघ्यांची दुखणी मिटावीत, डोळे शेवटपर्यंत साथ देणारे राहावेत, नातवंडांच्या गराड्यात त्यांची पुढली वर्षं सुखाची जावीत. आणि त्या लांबलचक आयुष्यातला एक दिवस, फार नको, एकच, त्यांनी माझ्यावर मनसोक्त रागावण्यासाठी काढावा. मी कराडला येऊन दारात उभा राहीन.